इंजिन बांधून गाडी बरीच वर्षं उभी आहे? आधी सेल्फ मारू नका, हे वाचा

इंजिनचं पूर्ण काम केलेलं असतं, बोअर करून नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, हेडचं काम सगळं झालेलं असतं आणि मग गाडी कशावरून तरी अडकते. रंगाचं काम लांबतं, पैसे संपतात, एखादा पार्ट मिळत नाही, घरात काहीतरी निघतं, आणि बघता बघता तीन-चार वर्षं जातात. मग एके दिवशी कव्हर काढलं जातं आणि पहिला विचार येतो तो म्हणजे बॅटरी लाव, जरा चालू करून बघू.

हे "जरा चालू करून बघू" सगळ्यात महागात पडतं. का ते सांगतो.

चालत्या गाडीचं इंजिन उभं राहिलं तर त्याच्या रिंगा बोअरला (पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या सिलिंडरच्या भोकाला) बसलेल्या असतात, पार्ट एकमेकांना सरावलेले असतात. बांधून ठेवलेल्या इंजिनात यातलं काहीच झालेलं नसतं, ते आता नवंही नाही आणि जुनंही नाही. बांधताना बेअरिंगला जे तेल लावलं होतं ते केव्हाच ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, गेलेलं असतं. आणि नव्या रिंगा बोअरला बसतात त्या नुसत्या फिरून बसत नाहीत, लोडवर बसतात. पेट्रोल जळताना जो गॅसचा दाब तयार होतो तो रिंगच्या मागे शिरतो आणि रिंगेला बोअरच्या भिंतीवर दाबतो, होनिंगच्या (बोअर घासून मुद्दाम पाडलेल्या) बारीक आडव्यातिडव्या रेघांवर रिंग घासली जाते आणि तिथे सील तयार होतं. आयडलवर, म्हणजे ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हा दाब फार कमी असतो. त्या रेघा पण कायम टोकदार राहत नाहीत, पहिल्या काही तासांत त्या गुळगुळीत होत जातात. म्हणजे संधी एकदाच मिळते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन पहिल्यांदा पेटेल त्या दिवशी गाडी रस्त्यावर जायला तयारच पाहिजे. ब्रेक, टायर, कूलिंग, क्लच, कागदपत्रं, इन्शुरन्स सगळं आधी, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. लोक बरोब्बर उलटं करतात, आधी इंजिन चालू करतात, मग ब्रेक जाम आहेत हे कळतं, मग महिनाभर दर रविवारी पाच-दहा मिनिटं आयडलवर चालू ठेवतात, आवाज ऐकून खूश होतात आणि रिंगांची वाट लावतात.

मी पण हेच केलंय. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन नव्याने बांधलेलं होतं आणि मी ते येईल-जाईल त्या पाहुण्याला चालू करून दाखवायचो. शेवटी गाडी रस्त्यावर आली तेव्हा मागून निळा धूर, आणि हजार किलोमीटरला लिटरभर तेल खायची. हेड उघडलं तर बोअर आरशासारखे चकाचक, होनिंगची रेघ दिसेना. परत होन करून नव्या रिंगा टाकाव्या लागल्या.

तर आता कामाला लागू.

ब्रेक

उभ्या गाडीत सगळ्यात जास्त वाट लागते ती ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा स्वभावच तो. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. उकळण्यापेक्षा वाईट म्हणजे ते पाणी मास्टर सिलिंडर (पेडलने दाब देणारा) आणि व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या) आत गंज धरवतं. पेडल दाबलं तर कडक लागतं म्हणून आपण निवांत असतो, पण तो गंज आतल्या रबरी वॉशरला कापतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेडल तळाला जातं.

चारही चाकं काढा, ड्रम काढा. ड्रम निघत नसेल तर लायनर (ड्रमला घासणारा ब्रेकचा थर) आतून चिकटलंय, हँडब्रेक पूर्ण ढिला करा, ऍडजस्टर मागे घ्या आणि ड्रमच्या कडेला फिरवत फिरवत हलके ठोके द्या, मधोमध घण घालू नका. आतली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. व्हील सिलिंडरचं रबर बोटाने उचलून बघा, आत ओलं असेल तर किट टाका नाहीतर सिलिंडरच बदला. डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन हाताने किंवा सी-क्लॅम्पने मागे जात नसेल तर तो जाम आहे, त्यात "चालवल्यावर सुटेल" असं काही नसतं.

रबरी ब्रेक होज सरळ नवे टाका. बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगलेले असतात, मग दाब जातो पण परत येत नाही आणि ब्रेक सोडल्यावर पण चाक धरून ठेवतं. लोक कॅलिपर बदलतात, मास्टर बदलतात आणि दोष निघतो होजमध्ये. सगळं जोडून झालं की जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि एअर काढा, सहसा मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. ग्लायकोलवालं आणि सिलिकॉनवालं म्हणजे डॉट ५ ऑइल एकत्र करायचं नाही, झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

चाकं निघालेलीच आहेत तर व्हील बेअरिंगचं ग्रीस बघून घ्या, मेणासारखं कडक झालं असेल तर धुवून नवं भरा.

टायरची नक्षी शाबूत असते म्हणून फसू नका. बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ असेल तर २०१५ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचं आहे, ते फक्त गाडी गॅरेजमध्ये ढकलायच्या कामाचं. दहा वर्षांच्या पुढचं टायर मी तरी पळवत नाही, भेग दिसो न दिसो.

टाकी आणि पेट्रोल

झाकण उघडा आणि वास घ्या. ताजं पेट्रोल नाकात चढतं, शिळं पेट्रोल जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास मारतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते पाणी धरतं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकीचा गंज सुरू होतो तो तिथूनच. त्यात नवं पेट्रोल ओतून पातळ करायचा विचार सुद्धा करू नका, सगळं काढा. टाकी खाली उतरवता आली तर उत्तमच, आत टॉर्च मारून बघा (बॅटरीवर चालणारा टॉर्च, वायरचा उघडा बल्ब नाही).

नवी फिल्टर टाका, आणि एक फिल्टर जास्तीची आणून ठेवा, कारण पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तळातला उरलेला गाळ हलून तिच्यात येणारच. रबरी पाइप सगळे नवे. मेकॅनिकल पंप असेल तर त्याचा पडदा बघा, तो फाटलेला असला तर पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि तुमच्या नव्या बेअरिंगना पातळ तेलावर पळावं लागतं. काही दिवसांनी डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी वर गेलेली दिसली तर आधी हा पडदाच बघायचा.

कार्ब्युरेटर उघडून साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, क्लीनर आणि हवा मारा. फ्लोटची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) चिकटली असेल तर पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम मॅनिफोल्डवर पडतं, आणि याची गंमत नाही, आग लागते. इंजेक्शनची गाडी असेल तर टाकीतला पंप आणि इंजेक्टर तपासून घ्या, बाकी तत्त्व तेच.

कूलिंग, वायरिंग आणि उंदीर

रेडिएटर, सगळे होज, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट. होज दाबून बघा, कुरकुर आवाज आला किंवा टोकाला फुगलेला असला तर बदला. वॉटर पंपाचं सील उभ्या उभ्या सुकतं, पाणी भरल्यावर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतात का बघा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा आणि वरचा होज हाताने दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा निघते. इंजिन रिकामं होतं तेव्हा आत हवेचे मोठे खिसे राहतात आणि काटा नॉर्मल दाखवतो पण हेड तापलेलं असतं, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही.

टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल आणि बेल्ट बांधणीच्या वेळचा असेल तर तो शून्य किलोमीटर चाललेला असला तरी वय झालंय त्याचं. रबर घड्याळाने म्हातारं होतं, मीटरने नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे सगळं काम परत पहिल्यापासून.

वायरिंगचं एकच सांगतो कारण ते मी स्वतः भोगलंय. इंजिन काढून परत बसवताना इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाड पट्टी लावायची राहून जाते. माझ्या गाडीत राहिली होती. सेल्फ मारला तर कुर्र कुर्र करून थांबला, परत मारला, आणि डॅशबोर्डमधून धूर. चोकची केबल लाल झालेली, वरचं प्लास्टिक वितळून गालिच्यावर ठिपकत होतं. सेल्फचा सगळा करंट परत जायला दुसरी वाटच नव्हती म्हणून त्या बारीक केबलमधून जात होता. तेव्हा आधी ती पट्टी शोधा, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज घासून धातूला धातू लावा. नव्याने रंगवलेल्या गाडीत तर हे हमखास होतं, रंगावर अर्थ मिळत नाही.

बॅटरी नवीच घ्या. जुनी चार्ज करून १२.६ व्होल्ट दाखवेलही पण सेल्फ मारल्यावर बसेल, आणि पुढे जे करायचंय त्यात सेल्फ बराच वेळ फिरवायचाय.

उंदीर. एअर फिल्टरची डबी उघडा, हीटरचा ब्लोअर बघा, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. आणि स्वतःच्या हाताने किंवा मेकॅनिकने कोंबलेली फडकी पण मोजा. माझ्या दुसऱ्या इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी अख्खं पिवळं फडकं सापडलं, धूळ जाऊ नये म्हणून चार वर्षांपूर्वी मीच घातलेलं, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की मी काही घातलेलं नाही. तेव्हापासून कुठेही फडकं कोंबलं की स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतो.

आता इंजिन, पण हाताने

सगळे प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँकपुलीच्या नटला लांब दांड्याचा सॉकेट लावा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. नव्या रिंगांमुळे इंजिन जरा घट्ट फिरणार, ते बरोबर आहे, पण ते सगळीकडे सारखं घट्ट असलं पाहिजे. दांडा मलईसारखा मऊ पण जड चालतो, मग एका जागी खडबडीत लागतं, वाळू आल्यासारखं, ते बोअरमधल्या गंजाचं लक्षण. आणि एका जागी धप्प करून थांबलं तर तिथे जोर लावायचा नाही, तिथे व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, किंवा टायमिंगच चुकीचं जोडलेलं असू शकतं. दोन पूर्ण फेऱ्या म्हणजे चारही स्ट्रोक झाले, तेवढ्या निर्विघ्न झाल्या पाहिजेत.

टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढून दुसऱ्याला दांडा फिरवायला सांगा आणि तुम्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात, बघा. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतोय ना? गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) व्हॉल्व्ह चिकटलेला असेल तर रॉकर खाली जातो आणि व्हॉल्व्ह तिथेच राहतो. हे हाताने फिरवताना कळलं तर थोडं डिझेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल सोडून हलके ठोकून सुटतो, सेल्फ मारल्यावर कळलं तर पुशरॉड वाकलेली असते.

अगदीच फिरत नसेल तर प्लगच्या भोकांतून पेनिट्रेटिंग ऑइल भरून आठवडाभर ठेवा आणि रोज एकदा दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवून बघा. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणं किंवा दुसऱ्या गाडीने ओढणं हा प्रकार अजिबात नको, चिकटलेल्या रिंगा तुटतात. आणि बोअरच्या भिंतीवर गंजाची कडी दिसत असेल, तर हेड काढायची तयारी ठेवा. वाईट वाटतं पण आत्ता एक गॅस्केट जाईल, नंतर अख्खा सेट जाईल.

तेल वर चढवणं

हा भाग घाईत उरकू नका. चेंबरमधलं तेल नवं असलं तरी काढून टाका, त्यात ओलावा गेलेला असतो. नवी ऑइल फिल्टर लावायच्या आधी, ती सरळ उभी बसणारी असेल तर, तेलाने भरून घ्या. तेल साधं मिनरल, तुमच्या इंजिनला सांगितलेल्या ग्रेडचं. सिंथेटिकचा हट्ट रिंगा बसल्यानंतर. जुन्या पद्धतीचा सपाट टॅपेटवाला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, त्यावर रोलरऐवजी सपाट टॅपेट घासतात) असेल आणि कॅम-टॅपेट नवे टाकले असतील तर झिंक जास्त असलेलं रनिंग-इन (नवं इंजिन सरावण्यासाठीचं) तेल घ्या. हे मी जाहिरातीवरून सांगत नाहीये, कॅमच्या उंचवट्यावर आणि टॅपेटमध्ये इतका दाब असतो की पहिल्या अर्ध्या तासात तो पृष्ठभाग तयार तरी होतो नाहीतर खरवडून तरी जातो.

प्लग काढलेलेच राहू द्या, म्हणजे कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगवर लोड येत नाही. स्पार्कच्या कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढा, इंजेक्शनची गाडी असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज पण काढा. आता सेल्फ मारा, दहा-पंधरा सेकंद, मग मिनिट-दोन मिनिटं थांबा, सेल्फला थंड होऊ द्या, परत दहा-पंधरा सेकंद. टॅपेट कव्हर उघडंच ठेवा. पहिल्या दोन-तीन खेपांना काहीच होत नाही. मग ऑइलचा दिवा विझतो किंवा काटा थरथरत वर येतो, आणि त्यानंतर अजून एक-दोन खेपा मारल्यावर रॉकर शाफ्टच्या टोकाशी आधी नुसती चमक दिसते, मग एक थेंब फुगतो, लोंबतो आणि रॉकरवरून खाली ओघळतो, मग दुसऱ्या रॉकरवर, मग तिसऱ्या. सगळे रॉकर ओले झाले म्हणजे तेल पंपापासून शेवटच्या टोकापर्यंत पोचलं. मी या थेंबाची वाट बघत एकदा जवळजवळ तासभर बसलोय.

पाच-सहा खेपांनंतरही प्रेशर येत नसेल तर पंप हवाच ओढतोय. काही इंजिनांत पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालतो, तिथे डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलला लांब बिट लावून पंप थेट फिरवता येतो (दिशा तपासून), नाहीतर प्रेशर स्विचच्या भोकातून तेलाच्या डब्याने गॅलरीत (इंजिनमधल्या तेलाच्या वाटेत) तेल ढकलायचं. प्रेशर दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. "चालू झाल्यावर येईल" म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा.

पेटायच्या आधी टायमिंग

पहिल्या झटक्यात पेटलं पाहिजे, कारण नव्या बोअरवर पेट्रोल मारत सेल्फ फिरवत बसलं की भिंतीवरचं तेल धुवून जातं. म्हणून पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवा, इंजिन हाताने फिरवा, हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक, आता पुलीची खूण जुळवा आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बघा, रोटर पहिल्या वायरच्या दिशेला असला पाहिजे. अंगठ्याची खात्री न करता नुसती पुलीची खूण बघितली तर निम्म्या वेळा १८० अंशाने चुकतं आणि कार्ब्युरेटरमधून भडका येतो. चार सिलिंडरच्या बहुतेक सरळ इंजिनांत फायरिंग १-३-४-२ असतं, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच वायरी लावा. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारे संपर्क) असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा, उभ्या गाडीत त्यावर ऑक्साइड धरतो आणि स्पार्कच येत नाही.

पहिली वीस मिनिटं

उघड्यावर करा किंवा दारं सताड उघडी, बंद गॅरेजमध्ये धुराचा वायू माणूस मारतो. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. एक माणूस आत फक्त ऑइलच्या काट्याकडे बघायला, त्याला दुसरं काम देऊ नका. कार्ब्युरेटरचा फ्लोट बोल आधीच पेट्रोलने भरून घ्या.

पेटलं. काही सेकंदांत प्रेशर दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर बंद, चर्चा नंतर.

सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल तर लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं तिथेच वरखाली करत ठेवा, आयडलवर येऊ देऊ नका. कानाला त्रास होतो, शेजारी खिडकीत येतात, पण त्या इंजिनात कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या उडण्यातून, आणि आयडलवर क्रँक पुरेसं उडवत नाही. कॅम जुना असेल आणि टॅपेट आपापल्या जागीच परत बसवलेले असतील, किंवा रोलरवालं इंजिन असेल तर या भानगडीची गरज नाही, तिथे फक्त लीकेज बघण्यापुरतं, पाणी गरम होईपर्यंत चालवा आणि थेट रस्त्यावर चला.

सुरुवातीला धूर येतो, पाच-दहा मिनिटं येऊ शकतो, प्लगच्या भोकात घातलेलं तेल जळतंय आणि मॅनिफोल्डवरचा हाताचा चिकटा पण जळतोय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावर सुद्धा थांबत नसेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे चोक किंवा फ्लोट. गरम असताना ऑइल प्रेशरचा ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे ३००० ला तीस तरी हवं.

गरम झाल्यावर चार्जिंग बघा, बॅटरीच्या टोकांना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास.

क्लच चिकटलेला असेल, म्हणजे पेडल दाबून पण गिअर पडत नसेल, तर घाबरू नका, प्लेट फ्लायव्हीलला गंजाने धरलीय. पेडल दाबून सीटच्या मध्ये लाकूड अडकवा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा, बऱ्याचदा आपोआप टक्क करून सुटते. हे पण इंजिन पेटवायच्या आधीच करून घ्यायचं, मी इथे लिहितोय कारण सगळ्यांना ते इथेच आठवतं.

रस्ता

आता उशीर करायचा नाही, शक्यतो त्याच दिवशी. आधी रिकाम्या जागेत पाच-सहा वेळा हळू वेगात ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढत नाही ना, पेडल खाली सरकत नाही ना. मग मोकळा रस्ता बघा. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास या, ऍक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबून ऐंशीपर्यंत न्या, मग पाय पूर्ण काढा आणि गिअरमध्येच गाडीला आपोआप पन्नासवर येऊ द्या. असं आठ-दहा वेळा. दाबताना रिंग बोअरला दाबली जाते आणि पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये जी ओढ तयार होते ती थोडं तेल वर खेचून घासलेला बारीक चुरा धुते. "नवं इंजिन आहे, हळू चालवा" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. जास्त आरपीएम नको आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवायचं नाही, पण लोड हवाच. सगळ्यात वाईट म्हणजे चाळीसच्या एकाच वेगात तासभर.

घरी आल्यावर थंड होऊ द्या आणि तेल-फिल्टर बदला, किती कमी चाललं याचा हिशोब करू नका. फिल्टर कापा, कागद उलगडून उन्हात धरा. राखाडी बारीक चमक असणारच, ती रिंगांची आणि असेंब्ली ल्यूबची (बांधताना लावलेल्या वंगणाची). तांब्याच्या रंगाचे किंवा नखाला लागतील असे चांदीसारखे पापुद्रे दिसले तर बेअरिंग जातंय, गाडी तिथेच थांबवा.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका, इंजिन आणि चाकं कुठे येतात त्याच्या पेनने खुणा करा. सकाळी पुठ्ठा सांगतो कुठून काय गळतंय. हिरवा किंवा लाल थेंब कूलंटचा, पिवळट पातळ आणि चाकाजवळ असेल तर ब्रेक, आणि तो दिसला तर गाडी हलवायची नाही.

पाचशे किलोमीटरला परत तेल बदला, टॅपेटचं क्लिअरन्स तपासा, ते नक्की बदललेलं असतं. हेडचे बोल्ट परत आवळायचे की नाही ते तुमच्या गॅस्केटवर आहे, जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला सहसा लागतं, पण एकदाच ताणायचे बोल्ट असतील तर त्यांना हात लावू नका. हजारपर्यंत दर दोनशे किलोमीटरला डिपस्टिक बघून आकडा वहीत लिहा, सुरुवातीला थोडं तेल खाणार, मग कमी होत होत थांबणार. माझ्या दुसऱ्या इंजिनने पहिल्या पाचशेला पाव लिटर खाल्लं, पुढच्या पाचशेला डिपस्टिकची रेघ जवळजवळ हललीच नाही, आणि तेव्हा कुठे मी वही बंद केली.